शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा असेल तर : चर्चच्या हॉलमधलं साऊंड आणि लाईट

चर्चच्या हॉलमध्ये साऊंड बसवायचं ठरलं की कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न वॅटचा निघतो. मिरवणुकीतल्या डॉल्बीची सवय असलेल्या कोल्हापुरात ते साहजिकच आहे. पण मिरवणुकीत आवाज मोकळ्या रस्त्यावर सुटतो. चर्चमध्ये तो दगडी भिंती, शहाबादी फरशी आणि उंच छत यांच्यात अडकून फिरत राहतो. इथे वॅट वाढवले की गोंगाट वाढतो, उपदेश मात्र कळत नाही. मागच्या बाकावरच्या आजींना पाळकसाहेबांचा शब्द न् शब्द सुटा ऐकू आला, तरच यंत्रणा नीट बसली असं म्हणायचं.

म्हणून खरेदीच्या आधी टेप घेऊन हॉल मोजावा. समजा हॉल ६० फूट लांब, ३६ फूट रुंद आणि २० फूट उंच आहे. म्हणजे सुमारे १,२२५ घनमीटर हवा. आवाज बंद केल्यावर त्याची घुमी ६० डेसिबलने (डीबी) उतरायला लागणारा वेळ काढायचं साधं सूत्र आहे : ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले हॉलमधलं एकूण शोषण, म्हणजे भिंती, फरशी, माणसं मिळून आवाज किती गिळतात ते. प्लास्टर, फरशी, लाकडी बाकं, दारं मिळून शोषण ३८ चौरस मीटरच्या आसपास धरलं, तर रिकाम्या हॉलची घुमी पाच सेकंदांच्या वर जाते. माणूस बसला की प्रत्येकी ०.४५ चौरस मीटर तरी शोषण वाढतं. रविवारी २०० माणसं असली की घुमी दीड सेकंदावर येते. बुधवारच्या प्रार्थनासभेला ४० जण असले तर ती साडेतीन सेकंद राहते. रविवारी गोड वाटणारा साऊंड बुधवारी ‘फाटतो’ तो यामुळे, मशीन बिघडल्यामुळे नाही. भाषणासाठी सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर असलेलं उत्तम, गायनाला थोडी जास्त चालते.

यावर सगळ्यात स्वस्त आणि हमखास उपाय म्हणजे मागची भिंत. स्पीकर समोरून मारा करतात, तो आवाज मागच्या भिंतीवर आपटून व्यासपीठावर परत येतो आणि बोलणाऱ्यालाही गोंधळात टाकतो. तिथे साधारण ३०० चौरस फुटांत ५० मिलिमीटर जाडीची, घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल (दगडी लोकर) चौकटीत बसवून वर कापड ताणलं, की बुधवारची साडेतीन सेकंदांची घुमी अडीचच्या खाली येते आणि रविवारची तेराशे मिलिसेकंदांवर. चौकट भिंतीला चिकटवू नये, मागे ५० मिलिमीटर पोकळी सोडावी. पोकळीमुळे खालच्या पट्टीतला आवाजही शोषला जातो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात दगडी भिंतीला जी ओल येते ती पॅनेलमध्ये शिरत नाही. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नयेत. बोलण्याच्या पट्टीत त्यांचा जवळजवळ काही उपयोग होत नाही, आणि दोन्ही भराभर पेटतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत कसं जळालं ते आख्ख्या कोल्हापूरने पाहिलं आहे. जिथे दोनशे माणसं बसणार तिथे कापडसुद्धा अग्निरोधकच घ्यावं.

छत पत्र्याचं असेल तर एक गोष्ट कमिटीला आधीच स्पष्ट सांगावी. जुलैत सर आली की पत्र्याचा आवाज कुठलाही स्पीकर दाबू शकत नाही. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि त्याखाली फॉल्स सीलिंग हाच त्यावर इलाज, आणि तो खर्च साऊंडच्या बजेटच्या आधी धरायचा.

स्पीकर किती आणि कुठे

अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने उतरतो. हे मोकळ्या जागेचं गणित आहे, पण थेट पोचणाऱ्या आवाजाला हॉलमध्येही तेच लागू पडतं. शेवटचं बाक स्पीकरपासून १६ मीटरवर असेल तर एका मीटरच्या तुलनेत २४ डीबी कमी होतात. तिथे सरासरी ८५ डीबी हवेत आणि वरच्या उसळीसाठी १० डीबीची जागा हवी, म्हणजे ९५. स्पीकरची संवेदनशीलता एका वॅटला, एका मीटरवर ९५ डीबी असेल तर भरून काढायचे ते २४ डीबीच, आणि २४ डीबी म्हणजे २५० पट पॉवर. म्हणून अशा हॉलला ३०० ते ५०० वॅटचे दोन चांगले बारा इंची स्पीकर पुरतात. दोन-दोन हजार वॅटचे ढीग रचायची गरज नाही. उरलेले पैसे मागच्या भिंतीवर आणि अर्थिंगवर घालावेत.

स्पीकर मायक्रोफोनच्या पुढे, जमिनीपासून ९ ते १० फुटांवर, खाली झुकवून. हॉर्नची (स्पीकरमधल्या वरच्या पट्टीच्या भोंग्याची) सरळ रेष शेवटून दुसऱ्या ओळीतल्या माणसाच्या डोक्यावर यावी. मग पुढच्या ओळी आपोआप हॉर्नच्या कडेला येतात, त्यांना आवाज कमी मिळतो, आणि पुढे-मागे फरक फारसा राहत नाही. स्पीकर न झुकवता टांगला तर निम्मा आवाज मागच्या भिंतीवर आणि छतावर जातो. अरुंद, लांब आणि फार घुमणाऱ्या हॉलमध्ये बारा इंचीपेक्षा कॉलम स्पीकर बरा, कारण तो वर-खाली फारसा पसरत नाही. त्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडी वर ठेवावी.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे चारी भिंतींवर सहा-आठ स्पीकर लावून सगळे एकदम वाजवणं. आवाज एक फूट जायला साधारण ०.८८ मिलिसेकंद घेतो. पुढच्या स्पीकरचा आवाज ५० फुटांवर पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात, आणि तोवर बाजूच्या भिंतीवरच्या स्पीकरने तोच शब्द कानात घातलेला असतो. दोन्ही मिळून शब्दाच्या कडा बोथट होतात. गॅलरीखाली पुढचा आवाज पोचत नसेल तर तिथे लहान स्पीकर जरूर लावावेत, पण डिले देऊन, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडून. गॅलरीखालचा स्पीकर पुढच्यापेक्षा ४० फूट मागे असेल तर ३५ मिलिसेकंद अंतराचे आणि वर १०-१२ मिलिसेकंद जादा. त्या जादा वेळेमुळे कान ‘आवाज समोरून येतोय’ असंच धरून चालतो. लेव्हल एवढीच ठेवावी, की तो स्पीकर चालू असताना जाणवू नये आणि बंद केला की पोकळी जाणवावी.

सबवूफर (खालच्या पट्टीचा स्पीकर) बँडसाठी एक पुरे. त्याला मिक्सरच्या वेगळ्या ऑक्समधून (जादा आउटपुटमधून) फक्त कीबोर्ड, बेस गिटार आणि ढोलकी द्यावी. भाषणाचा माईक सबमध्ये गेला की घुमी आलीच.

भिंतीत काय ठोकायचं

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे मिशनचं काम आहे. त्यामुळे गावात आणि आसपास जुन्या दगडी इमारतीही आहेत आणि नवे आरसीसी हॉलही. आरसीसी कॉलममध्ये एम१० चा अँकर सरळ बसतो. जुन्या भिंतीचं तसं नाही. बाहेरून घडीव काळा दगड दिसतो, आत पुष्कळदा चुन्यात बसवलेल्या कपच्यांचा भराव असतो. चुन्याच्या सांध्यात ठोकलेला एक्स्पान्शन बोल्ट आज घट्ट वाटतो, कंपनाने महिन्याभरात ढिला पडतो. भोक नेहमी अखंड दगडाच्या मधोमध. हॅमर बंद करून नुसत्या रोटरीवर, नाहीतर दगड चिरतो. भोकातली भुकटी ब्रशने आणि फुंकून पुन्हा पुन्हा काढायची, मग केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला रॉड. भुकटी राहिली तर केमिकल दगडाला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि रॉड हातानेही निघून येतो. भराव फार मोकळा असेल तर भिंतीचा नाद सोडून जमिनीपासून लोखंडी खांब उभा करावा. कौलारू छताच्या लाकडी कैच्यांना स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय काहीही टांगू नये.

ब्रॅकेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हवा तसा बनवून मिळतो. ६ मिलिमीटर प्लेट, आधी झिंक प्रायमर, मग रंग. इथल्या दमट हवेत साधा रंग दोन पावसाळे टिकत नाही. नट नायलॉकचे, म्हणजे कंपनाने सैल न होणारे. प्रत्येक स्पीकरला आणि प्रत्येक लाईटला दुसऱ्या स्वतंत्र अँकरवर स्टीलच्या दोरीची सेफ्टी हवी, ढिली नाही, जेमतेम सैल. ब्रॅकेट सुटला तर स्पीकर एक वीतभरसुद्धा खाली येता कामा नये, कारण झटक्याचं वजन मूळ वजनाच्या कितीतरी पट होतं. अँकर, शॅकल, दोरी सगळं टांगलेल्या वजनाच्या पाचपट क्षमतेचं धरावं. बाइंडिंग तार आणि नायलॉनची दोरी या कामात अजिबात नको. स्पीकर आणि ब्रॅकेट मिळून ३१ किलो असतील तर आधी त्याच ब्रॅकेटला ५० किलोची सिमेंटची गोणी रात्रभर टांगून ठेवावी आणि सकाळी अँकरभोवती केसाएवढी तरी भेग पडली आहे का ते टॉर्च लावून पाहावं.

वीज

निम्म्या तक्रारी इथून येतात. थ्री फेज कनेक्शन असेल तर साऊंड एका फेजवर, लाईट दुसऱ्यावर, पंखे तिसऱ्यावर, आणि साऊंडसाठी वेगळा डीबी (इथे डेसिबल नव्हे, वीज वाटणारा डिस्ट्रिब्युशन बोर्ड). त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा) आणि सी-कर्व्हचे एमसीबी (जास्त करंटला पडणारे). अँप्लिफायर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, बी-कर्व्ह तेवढ्यानेही पडतो. थ्री फेजमध्ये न्यूट्रल ढिला झाला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं आणि मिक्सर, अँप, एलईडी एका मिनिटात जातात. स्टॅबिलायझर यातून नेहमीच वाचवेल असं नाही. जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारा रिले डीबीतच बसवावा आणि न्यूट्रलचे स्क्रू दरवर्षी मे महिन्यात आवळून घ्यावेत. मिक्सर आणि वायरलेस रिसिव्हर यूपीएसवर, अँप्लिफायर नाही.

अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र, रोध ५ ओहमच्या आत. एप्रिल-मेमध्ये माती सुकते तेव्हा खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावावर लावावं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते शोधायचं, मग साऊंड जोडायचा.

स्पीकरमधून हम (सलग गुणगुण) आला की लोक प्लगची तिसरी पिन कापतात. हे कधीही करू नये. माईकच्या जाळीला ओठ लागतात, गिटारच्या तारांना हात असतो, आणि अर्थ नसलेल्या यंत्रात गळती झाली तर करंट माणसातून जातो. हम शोधायची रीत वेगळी आहे. खोल, सलग ‘हूं’ ऐकू आला तर तो ५० हर्ट्झचा, म्हणजे दोन यंत्रांना दोन जागी अर्थ मिळाला आहे. खरखरीत ‘झ्झ’ असेल तर पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाईटचा डिमर. सगळे चॅनेल म्यूट करून एकेक उघडावा. बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर किंवा कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर सापडतो. तिथे मध्ये डीआय बॉक्स लावून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, म्हणजे फक्त ऑडिओ तारेतला अर्थ तोडला, की काम झालं. रेग्युलेटरचा त्रास असेल तर जुने रेग्युलेटर कपॅसिटरवाल्या स्टेप प्रकाराने बदलून टाकावेत.

केबल टाकताना माईकच्या आणि विजेच्या पाइपांत किमान एक फूट अंतर ठेवावं, आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. स्पीकरला २५ मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम तांबं घ्यावं. ८ ओहम स्पीकरवर त्यात अर्धा डीबीही जात नाही, १ स्क्वेअर एमएमवर मात्र जवळपास एक डीबी जातो आणि ४ ओहमवर त्याच्या दुप्पट. माईकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडाला पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. एखाद्या केबलला पिन २ आणि ३ उलट्या जोडल्या गेल्या तर एकटा माईक ठीक वाजतो आणि शेजारचा उघडला की दोघांचाही आवाज पोकळ होतो. म्हणून प्रत्येक केबल टेस्टरवर तपासूनच पाइपमध्ये ओढावी. पाइपमध्ये ओढायची तार आणि चार जादा माईक लाईन आजच टाकून ठेवाव्यात, नंतर भिंत फोडायला कुणी तयार नसतं. पाइपची तोंडं बंद करावीत, नाहीतर उंदीर केबल कुरतडतात.

माईक

पुलपिटवर (उपदेशाच्या मंचावर) लांब मानेचा कंडेन्सर माईक तोंडापासून ८ ते १२ इंच. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम (माईकच्या तारेतूनच जाणारी वीज) लागतो. भाषणाच्या प्रत्येक चॅनेलवर १०० ते १२० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर. आवाज डबक्यातून आल्यासारखा वाटला तर २५० ते ४०० हर्ट्झमधून थोडं काढावं. बास वाढवून कुणाचा आवाज भारदस्त होत नाही, फक्त घुमतो.

उघडे माईक दुप्पट झाले की फीडबॅकच्या (शिट्टीच्या) आधी मिळणारा गेन ३ डीबीने कमी होतो. आठ माईक उघडे ठेवून पुलपिटचा माईक वाढवत राहणं म्हणजे शिट्टीला आमंत्रण. उपदेश चालू असताना गायकांचे माईक म्यूटच असावेत, त्यासाठी म्यूट ग्रुप (एका बटणाने सगळे बंद) बनवून ठेवावा. मॉनिटरची, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरची, जागाही माईकप्रमाणे ठरते. एसएम५८ सारखा कार्डिऑइड माईक बरोबर मागच्या बाजूला सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून वेज (जमिनीवरचा मॉनिटर) थेट गायकासमोर. सुपरकार्डिऑइड मागच्या बाजूला थोडं ऐकतो आणि सुमारे १२६ अंशांवर सगळ्यात कमी, म्हणून त्याला वेज तिरका ठेवावा. माईकची जाळी मुठीत धरून गाणाऱ्या तरुण मंडळींना हे प्रेमाने समजावून सांगावं लागतं : जाळी झाकली की माईकची दिशाच मोडते आणि तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो.

आपल्याकडे गीतांना पेटी, तबला, ढोलकी असते, आणि परदेशी पुस्तिकांत त्याबद्दल काही मिळत नाही. पेटीचा आवाज वरच्या झडपेतून आणि मागून येतो, म्हणून कंडेन्सर माईक वरून थोडा मागच्या अंगाने, एक-दीड फुटावर. फार जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वासच येतो. तबल्याच्या दायाँ-बायाँला एकेक डायनॅमिक, ३-४ इंचांवर, शाईकडे तिरका. बायाँचा माईक हाताच्या वाटेत येत नाही ना, हे वादकाला विचारूनच पक्कं करावं. एकच माईक उरला असेल तर दोन्हींच्या मध्ये, वीतभर वर. क्वायरला प्रत्येक गायकाला माईक देऊ नये. १५-२० जणांना एक कंडेन्सर, पुढच्या ओळीच्या दोन-तीन फूट पुढे आणि तेवढाच वर. दोन लावले तर त्यांच्यातलं अंतर माईक-गायक अंतराच्या तिप्पट. क्वायर मॉनिटरमध्ये अजिबात द्यायचा नाही.

वायरलेस घ्यायचा तर यूएचएफ. २.४ गिगाहर्ट्झवाले हॉलमधल्या वायफायशी आणि सगळ्यांच्या फोनशी भांडतात. रिसिव्हर बंद लोखंडी कपाटात ठेवू नये, अँटेनाला व्यासपीठ दिसलं पाहिजे.

फीडबॅक भरल्या हॉलमध्ये काढू नये, आणि रिकाम्या हॉलमध्ये एकदा काढून थांबूही नये. आधी सगळे माईक जागेवर ठेवून फेडर हळू वर न्यावा. पहिली शिट्टी सुरू झाली की ३१ बँडच्या इक्वलायझरवर ती पट्टी ३ डीबीने खाली. असं चार-पाच पट्ट्यांपर्यंतच करावं. त्यापुढे पट्ट्या खाली आणत गेलं तर आवाजातला जीव जातो, आणि तेव्हा माईक किंवा स्पीकरची जागाच चुकली आहे असं समजावं. मग रविवारी मंडळी बसल्यावर हॉलमधून फिरून ऐकायचं आणि पुन्हा जुळवायचं.

लाईट

उपासनेत लाईटने चेहरा दिसावा आणि पुस्तक वाचता यावं. बाकांवर १५० ते २०० लक्स, पुलपिटवर ५०० ते ७०० लक्स. कॅमेऱ्याने प्रक्षेपण होत असेल तर पुलपिटचा आकडा महत्त्वाचा. पुलपिटला समोरून डावी-उजवीकडे ४५ अंशांवर दोन लाईट, उंचीही ४५ अंशांची. सरळ डोक्यावरून टाकला तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. मागून एक हलका लाईट, म्हणजे काळा कोट आणि मागचा पडदा वेगळे दिसतात. रंगाचं तापमान सगळीकडे एकच ठेवावं, ३,२०० केल्व्हिन किंवा ५,६०० केल्व्हिन. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. पंखा असलेले लाईट व्यासपीठाजवळ घेऊ नयेत. प्रार्थनेच्या शांततेत तो पंखा सगळ्यांना ऐकू येतो, माईकलाही.

डीएमएक्सची (लाईटना हुकूम पोचवणारी) तार माईकच्या तारेसारखी दिसते पण ती १२० ओहमची असते. माईक केबल वापरली की लाईट मध्येच लुकलुकतात. एका लाईटमधून दुसऱ्यात अशी एकच रांग, वाय-जोड नाही, एका रांगेत ३२ पर्यंत. शेवटच्या लाईटमध्ये पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. सात चॅनेलचे पार (रंगीत एलईडी लाईट) असतील तर त्यांचे पत्ते १, ८, १५, २२ असे. स्वस्त एलईडी डोळ्यांना स्थिर वाटतो पण मोबाईलच्या व्हिडिओत पट्टे दिसतात. घेण्याआधी तो मंद करून फोनच्या कॅमेऱ्यात पाहावा आणि कॅमेऱ्याचं शटर १/५० वर ठेवावं.

नाताळच्या आदल्या रात्री अंगणात स्पीकर लावायचा असेल तर परवानगी आधी काढावी लागते. सरकारने ठरावीक दिवसांना दिलेली सूट सोडली तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहाला सूट असली तरी निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी आहे, आणि खासगी जागेच्या हद्दीबाहेर त्यापेक्षा ५ डीबीहून जास्त जाता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवून रात्री सराव करणाऱ्या बँडला हे सांगायला हवं.

काम सोपवताना चालू करायचा क्रम डीबीवर चिकटवावा : आधी मिक्सर, मग रिसिव्हर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलटा. डिजिटल मिक्सरमध्ये ‘रविवार’, ‘बुधवार’ आणि ‘लग्न’ असे तीन सीन (जुळवलेल्या सेटिंग) सेव्ह करून पेन ड्राइव्हवर प्रत ठेवावी. जूनच्या आधी रॅकमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, आणि माईक हवाबंद डब्यात. पावसाळ्यात उपासना नसली तरी आठवड्यातून एकदा सगळी यंत्रणा अर्धा तास चालू ठेवावी. आतली ऊब ओल घालवते, आणि फेडर व नॉबची खरखर कमी होते.